माळावरचा आडोसा

बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके आपण पाण्यावरून ओळखतो. दक्षिणेला नीरा, उत्तरेला आणि पूर्वेला भीमा, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेला नीरा डावा कालवा, १९८० च्या सुमारास पुरं झालेलं उजनी धरण, आणि या सगळ्यांच्या काठाने पसरलेला ऊस. पण कालव्याचं पाणी जिथे चढत नाही, तिथे या मुलखाचं जुनं रूप अजून शिल्लक आहे. सुप्याजवळचा माळ, शिर्सुफळ, गाडीखेल, कडबनवाडी. पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, जमीन मुरमाड, त्यावर कुसळी आणि पवन्याचं गवत, मधूनच एखादी बोर किंवा हिवर. इथे चिंकारा राहतो, लांडगा राहतो, खोकड आणि तरस राहतात, आणि थंडीत भोवत्या ससाणे गवतावरून घिरट्या घालत येतात. जंगलातला वाघ बांबूच्या बेटाआड एक पाऊल टाकतो आणि दिसेनासा होतो. माळावरच्या जनावराला ती सोय नाही. त्याच्यात आणि माणसात जेवढं अंतर आहे तेवढाच त्याचा आडोसा. म्हणून या भूमीवर माणूस जनावराच्या जवळ कसकसा गेला याचा इतिहास म्हणजे हे अंतर कापण्याच्या युक्त्यांचा इतिहास आहे, आणि वन्यजीव छायाचित्रण हा त्याचाच सगळ्यात ताजा भाग आहे. नैसर्गिक प्रकाश आणि संयम यांना आज छायाचित्रकाराचे सद्गुण मानतात. ते सद्गुण आहेतच, पण एका अटीवर: अंतर किती ठेवायचं हे ठरवण्याचा हक्क त्यांच्यामुळे जनावराकडे राहत असेल तर. ही अट काढून टाकली की दोन्ही शब्द पोकळ होतात, हे इतिहासच दाखवतो.

हा माळ कधीच निर्मनुष्य नव्हता. भीमेच्या खोऱ्यातल्या गवतावर भीमथडीची तट्टं पोसली गेली, मराठ्यांचं घोडदळ त्यांच्या पाठीवर फिरलं. धनगरांची मेंढरं दर साल इथून गेली आणि आली. लांडगा मेंढरांच्या मागे राहिला. माणसाचं त्याच्याशी वैरही तितकंच जुनं आहे. भोसल्यांच्या पुणे-सुपे जहागिरीत शेती पुन्हा उभी करताना लांडगे मारणाऱ्याला बक्षीस दिलं जाई, असं जुन्या वृत्तांतांत येतं. इंग्रजांनी हीच बक्षिसं देशभर सरकारी दराने वाटली. इतिहासकार महेश रंगराजन यांनी त्या हिशेबाच्या वह्यांवरून मांडलेला आकडा असा, की १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत सुमारे दोन लाख लांडगे बक्षिसासाठी मारले गेले. आज देशभरातल्या लांडग्यांचा अंदाज सुमारे ३,१०० आहे. माणूस दिसताच इथला लांडगा कान टवकारून वळतो आणि चालू लागतो. त्या वळण्यामागे अनेक पिढ्यांचा हा अनुभव आहे.

शिकाऱ्यांनी अंतर कापण्यासाठी काय काय केलं, ते मुद्दाम पाहण्यासारखं आहे. पारधी समाजातले काही शिकारी शिकवलेल्या गाईच्या आडून चालत. गाय चरत पुढे सरकायची, तिच्या पोटाआड वाकलेला माणूस तिच्याच चालीने सरकायचा, आणि हरणाला चरणाऱ्या गुराची भीती नसल्यामुळे तो फास टाकण्याइतका जवळ पोचायचा. कोल्हापूरसारख्या संस्थानांत विसाव्या शतकातही चित्ते पाळून काळविटांची पारध चालायची. तीतही युक्ती तीच होती. काळवीट बैलगाडीला बुजत नसे, म्हणून डोळ्यांवर पट्टी बांधलेला चित्ता गाडीवरून कळपाच्या जवळ नेत आणि तिथे पट्टी सोडत. तिकडे इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी कीर्टन या बंधूंनी १९०० च्या आसपास पक्ष्यांची छायाचित्रं घ्यायला चक्क एक पोकळ बैल बनवला. कातडं चढवलेल्या त्या सांगाड्यात कॅमेरा घेऊन माणूस तासन् तास उभा राहायचा. दख्खनच्या माळावरचा पारधी आणि यॉर्कशरचे कीर्टन यांनी एकमेकांचं नावही ऐकलं नसेल, पण उघड्या रानाने दोघांपुढे एकच प्रश्न टाकला आणि दोघांनी एकच उत्तर शोधलं. फरक पुढच्या काळाने केला. गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्याला जन्मजात गुन्हेगार ठरवलं, आणि कीर्टन बंधू निसर्गछायाचित्रणाचे आद्य पुरुष ठरले. संयमाचा इतिहास लिहिताना पारध्याचं नाव गाळणं मला न्याय्य वाटत नाही. हे कसब त्याच्याकडे कॅमेऱ्याच्या फार आधीपासून होतं.

कॅमेरा आला म्हणून जनावराचं भलं झालं, असं सरळ म्हणता येत नाही. जुन्या काचा आणि फिल्म यांना भरपूर प्रकाश लागायचा, लेन्स आखूड होत्या, आणि हालतं जनावर टिपणं जवळजवळ अशक्य होतं. त्यामुळे पहिल्या दोन पिढ्यांनी पक्ष्यांची छायाचित्रं घेतली ती बहुतेक घरट्यावर, कारण पक्षी पुन्हापुन्हा एकाच जागी येतो असं ठिकाण तेच. घरट्याजवळ लपण उभारायचं, कधी उंच मनोराच बांधायचा, आणि घरट्यावर ऊन पडावं म्हणून भोवतीच्या फांद्या बाजूला बांधायच्या किंवा छाटायच्या. सालिम अलींचे मित्र लोक वान थो यांच्यासारखे मातब्बर छायाचित्रकारही घरट्यांवरच काम करत. काम अतिशय चिकाटीचं होतं, प्रकाश सूर्याचाच होता, पण फांदी छाटली की पिल्लू उन्हात पडतं आणि कावळ्याला दिसतं. नैसर्गिक प्रकाशासाठी पानं तोडणाऱ्याला प्रकाश नैसर्गिक असल्याचं श्रेय कसं द्यायचं? इंग्लंडच्या एरिक हॉस्किंगचा एक डोळा १९३७ मध्ये घरट्याजवळच्या घुबडाने फोडला. ती गोष्ट धाडसाची म्हणून सांगितली जाते. घुबडाच्या बाजूने पाहिलं तर ते आपलं अंतर राखत होतं, एवढंच दिसतं.

याउलट कृत्रिम प्रकाश वापरणारा प्रत्येक जण निष्काळजी होता असंही नाही. संयुक्त प्रांतातले वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चँपियन यांनी रानवाटांवर तार ताणून ठेवली. वाघाचा पाय तिला लागला की फ्लॅश उडे आणि वाघ स्वतःच आपलं चित्र काढून पुढे जाई. १९२७ साली त्यांचं 'विथ अ कॅमेरा इन टायगरलँड' निघालं, तेव्हा वाघाकडे बंदुकीखेरीज दुसऱ्या नजरेने पाहणारे लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. त्या काळात फ्लॅश बंदुकीला पर्याय होता, आणि त्यांचा फ्लॅश माणूस नसताना उडायचा. तंत्राला स्वतःचं नीतिशास्त्र नसतं, ते कोणाच्या सोयीसाठी वापरलं जातं यावर सगळं अवलंबून असतं. आजचा कॅमेरा ट्रॅप चँपियनच्या तारेचाच वंशज आहे.

फिल्मच्या काळात छायाचित्रकार थांबायचा, कारण त्याला थांबावंच लागायचं. एका रोलमध्ये ३६ चित्रं, ६४ किंवा १०० संवेदनक्षमतेची फिल्म, खर्च मोठा. माळावर सकाळचं कोवळं ऊन दीड-दोन तास, संध्याकाळी तेवढंच. त्याबाहेर चित्र उठत नसे, म्हणून त्याबाहेर कोणी कॅमेरा काढत नसे. २००० नंतरच्या काही वर्षांत डिजिटल कॅमेरा आवाक्यात आला आणि ही सगळी कुंपणं एकदम पडली. अंधुक उजेडात चित्र येतं, सेकंदाला वीस चित्रं येतात, एकाचाही वेगळा खर्च नाही, आणि चित्र संध्याकाळच्या आत हजारो लोकांपर्यंत पोचतं, कधी जागेच्या खुणेसकट. जी शिस्त तंत्राच्या गरिबीतून आली होती ती तंत्र श्रीमंत होताच गेली. तिला आपण मूल्य समजत होतो, प्रत्यक्षात ती बरीचशी अडचण होती. आता तोच संयम पाळायचा असेल तर तो जाणूनबुजून पाळावा लागेल. माळावर गवतात जीप घालून लांडग्याला समांतर पळवणं, धुळीत धावणारा चिंकारा मिळावा म्हणून कळप उठवणं, बिळातून पिल्लं बाहेर यावीत म्हणून बिळाच्या तोंडाशी गाडी उभी करणं, हे प्रकार या नव्या सुबत्तेतूनच आले. लांडग्याची पिल्लं दख्खनमध्ये थंडीच्या महिन्यांत जन्मतात. गवत सोनेरी असतं, हवा स्वच्छ असते आणि छायाचित्रकारांची गर्दीही तेव्हाच असते. बिळाशी वर्दळ वाढली की मादी पिल्लांना तोंडात धरून दुसरीकडे नेते. उघड्या माळावर, भटक्या कुत्र्यांच्या राज्यात, असा एक फेरा एखाद्या पिल्लाला पुरतो.

कायदा याबद्दल काय म्हणतो, हे छायाचित्रकारांच्या चर्चेत क्वचितच येतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातली शिकारीची व्याख्या ठार मारण्यापुरती नाही. जनावराचा पाठलाग करणं, त्याला हाकणं, आमिष दाखवणं, आणि पक्ष्यांच्या बाबतीत अंडी किंवा घरटी विचलित करणं, हेही त्या व्याख्येत शिकारच आहे. ही मनाई अभयारण्याच्या हद्दीपुरती नाही, अनुसूचीतल्या जनावराला ती माळावर, शेताच्या बांधावर आणि उजनीच्या पाण्यावरही लागू होते. त्याहून बोलकं म्हणजे त्याच कायद्याचं मूळ सतरावं कलम. तेव्हा परवाना घेऊन शिकार करता येत होती, आणि त्या परवानाधारकाला घातलेल्या अटींत म्हटलं होतं की वाहनातून शिकार करायची नाही, जनावरं उठवण्यासाठी मोटार किंवा लाँच वापरायची नाही, रात्री शिकार करायची नाही, आणि सावजावर येणाऱ्या मांसभक्षकासाठी मिळणारी खास परवानगी सोडली तर कृत्रिम प्रकाश वापरायचा नाही. १९९१ च्या दुरुस्तीत हे कलम गळालं, कारण परवान्याची शिकारच संपली. पण त्यातून एक मापदंड हाती लागतो. बंदूकधाऱ्यालाही जे अन्यायाचं म्हणून नाकारलं होतं, ते कॅमेरेवाल्याला मोकळं का असावं? बॅटरीच्या झोतात ससा दिपून जागीच थिजतो, हे गावोगावच्या चोरट्या शिकाऱ्यांना माहीत होतं. तोच झोत रातव्यावर किंवा तरसावर धरून चित्र काढलं, तर जनावराच्या बाजूने घडतं ते तेच. फ्लॅशने डोळ्याला कायमची इजा होते का, हा वाद वैज्ञानिकांनी सोडवावा. माझा मुद्दा त्यावर टेकलेला नाही. दिपलेल्या जनावराला काही क्षण अंतर ठरवता येत नाही, आणि माळावर अंतराखेरीज त्याच्याकडे काही नसतं.

उजनीच्या काठावरच्या भिगवणची गोष्ट वेगळी आहे आणि अवघडही. उजनीच्या पाण्याखाली गावं गेली. पळसदेवचं जुनं देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरलं की आजही वर येतं. शेती गेलेल्या माणसांपैकी कित्येक मासेमारीकडे वळले. पुढे कुंभारगाव, डिकसळच्या उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचे थवे येऊ लागले, त्यांच्या मागोमाग कॅमेरे आले, आणि मासे धरणारा होडीवाला पक्षी दाखवणारा झाला. धरणाने ज्यांचं घेतलं त्यांना धरणाच्या पाण्याने थोडं परत दिलं, आणि याचं मोल मी कमी करणार नाही. तरीही रोहित उडतानाचं चित्र मागणारा माणूस होडीत बसला की थव्यावर होडी घालावी लागते. रोहित चोच उलटी बुडवून गाळातून कण कण गाळून खातो. तासाला दोनदा उठवलेल्या थव्याची पोट भरायची वेळ तेवढी कमी होते. यात दोष होडीवाल्यावर ढकलणं सोपं असतं, पण फेरीचे पैसे देणारा आणि 'जरा अजून जवळ' म्हणणारा दुसराच असतो. वल्ही थांबवून होडी वाऱ्यावर सोडली, तर चरत येणारे पक्षी कधी आपण होऊन जवळ येतात. होडीवाल्यांना हे कोणत्याही पाहुण्यापेक्षा जास्त कळतं. फक्त थांबण्याचेही पैसे मिळतात, असं त्यांना गिऱ्हाइकाकडून दिसायला हवं.

यावर घेतले जाणारे आक्षेप हलके नाहीत. पहिला असा, की छायाचित्रकारांनीच हा माळ वाचवला. यात तथ्य आहे. महसुली भाषेत माळ म्हणजे पडीक. २००० साली देशाचा पडीक जमिनींचा नकाशासंग्रह निघाला, त्यातही गवताळ प्रदेश मोठ्या प्रमाणावर पडीक म्हणूनच धरले गेले. पडीक म्हटलं की तिथे झाडं लावावीत, कारखाना आणावा, कचरा टाकावा असं कोणालाही सुचतं. या पडीकात लांडगा आहे हे लोकांना चित्रांनी दाखवलं. पण कोणत्या चित्रांनी? चौकटभर पसरलेला, डोळ्यांत डोळे घालून पाहणारा लांडगा प्राणिसंग्रहालयातला आहे की कडबनवाडीचा, हे चित्र सांगत नाही. माळाची बाजू मांडतं ते चित्र, ज्यात लांडगा लहान असतो, गवत मोठं असतं, मागे मेंढरांचा वाडा दिसतो आणि क्षितिजावर कारखान्याचं धुराडं असतं. ते चित्र दुरून घेता येतं, किंबहुना दुरूनच घ्यावं लागतं. म्हणजे माळ वाचवण्याचा युक्तिवाद खरा धरला, तरी तो जवळ जाण्याच्या बाजूने उभा राहत नाही.

दुसरा आक्षेप: इथली जनावरं माणसाला सरावलेली आहेत, धनगर आणि ट्रॅक्टर रोज जातात, मग एका जीपने काय बिघडतं? पण धनगर जातो तो आपल्या वाटेने. त्याची वेळ, त्याचा वेग, त्याच्या कुत्र्यांचा आवाज लांडग्याला ओळखीचा आहे आणि वैरही ओळखीचंच आहे. धनगर लांडग्याला शोधत येत नाही. जीप त्याच्याच दिशेने वळते, थांबते, पुन्हा वळते, आणि तो निघाला की मागे येते. जनावराच्या दृष्टीने हे शिकाऱ्याचं वागणं आहे, कारण पिढ्यान् पिढ्या असं वागणारा शिकारीच होता. तिसरा आक्षेप मला सगळ्यात जड वाटतो. भटकी कुत्री, रस्ते, कुंपणं आणि सरसकट वृक्षलागवड यांच्यापुढे छायाचित्रकारांचा उपद्रव कितीसा? पुणे परिसरात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं आहे. तो धोका कॅमेऱ्याहून मोठा आहे, हे मान्य. तरी हे मोठे धोके वर्षभर पसरलेले असतात, आणि छायाचित्रकाराचा उपद्रव नेमका वर्षातल्या सगळ्यात नाजूक आठवड्यांत, सगळ्यात नाजूक जागी, बिळाच्या तोंडाशी एकवटतो. शिवाय कुत्र्यांचा किंवा रस्त्याचा बंदोबस्त एकट्यादुकट्याच्या हातात नाही. गाडी कुठे थांबवायची हे मात्र गाडीत बसलेल्याच्या हातात असतं.

नैसर्गिक प्रकाशाबद्दलही एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण तिथे गैरसमज मोठा आहे. माळावर सकाळी नऊ-दहानंतर जमीन तापते, हवा थरथरू लागते आणि लांब लेन्समधून दिसणारं सगळं मृगजळासारखं वितळतं. म्हणून चांगला प्रकाश पहाटेचा आणि तिन्हीसांजेचा. पण त्याच वेळा जनावरांच्या खाण्यापिण्याच्या आणि पिल्लांकडे परतण्याच्या असतात. छायाचित्रकाराला हवा असलेला प्रकाश आणि जनावराला हवा असलेला वेळ एकच आहे. तेव्हा फ्लॅश वापरला नाही एवढ्याने कोणी निर्दोष ठरत नाही. सूर्य उगवण्याआधी वाऱ्याखालच्या बाजूला येऊन बसणं, जनावर दिसल्यावर जागा न बदलणं, आणि ते निघून गेल्यावरच उठणं, इतकं केलं तर तो वेळ दोघांना वाटून घेता येतो. जनावर दिसल्यावर त्याच्याकडे जाऊ लागलं की वाटणी मोडते.

सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली चिंकाऱ्यांसाठी जाहीर झालं. मोरगावला गणपतीच्या दर्शनाला जाणाऱ्या कित्येकांना ते शेजारी असल्याची कल्पनाही नसते. त्याचं क्षेत्र जेमतेम पाच चौरस किलोमीटर. एवढ्या जागेत पळवलेला चिंकारा लवकरच हद्दीबाहेर, रस्त्यावर किंवा कुत्र्यांच्या टोळीत पोचतो. अभयारण्यात छायाचित्रणासाठी परवाना लागतो तो उगाच नाही. आणि २०२२ च्या दुरुस्तीने कायद्यात छायाचित्रणासोबत अट जोडली की अधिवासात बदल किंवा वन्यजीवांवर प्रतिकूल परिणाम होता कामा नये. पुणे वनविभागाने अलीकडे कडबनवाडी आणि शिर्सुफळच्या माळावर ठरलेल्या वाटांची, स्थानिक वाटाड्यांची गवताळ सफारी सुरू केली. ठरलेली वाट ही व्यवस्था मला मोलाची वाटते. गाडी कुठून येणार आणि कुठे वळणार नाही हे लांडग्याला चार दिवसांत कळतं. वाटेपासून किती दूर बसायचं हे मग तो ठरवतो. वाट सोडून गवतात गेलेली एक गाडी मात्र सगळ्यांच्या वाटेवरचा हा विश्वास मोडते, म्हणून दंड तिथेच कडक असावा.

इंदापूर शहरात कचेरीच्या आवारातल्या जुन्या चिंचांवर चित्रबलाक घरटी करत आले आहेत. भादलवाडीच्या तलावातल्या झाडांवरही त्यांची वीण होते. चिंचेखाली माणसं कागदपत्रं घेऊन उभी असतात, गाड्या येतात-जातात, आणि वर हे मोठाले पक्षी चोचीत काटक्या घेऊन उतरतात. तिथे चित्र काढायला लपण लागत नाही, लांब लेन्स लागत नाही, फांदी छाटावी लागत नाही. मान वर केली आणि सकाळचं ऊन पडेपर्यंत थांबलं की झालं. तिथलं अंतर पक्ष्यांनी ठरवलं आहे, आणि ते चिंचेच्या उंचीपेक्षा जास्त नाही. त्याच तालुक्यात कडबनवाडीच्या माळावर लांडग्याने ठरवलेलं अंतर वेगळं आहे. एखाद्या सकाळी ते तीनशे पावलं असतं. एखाद्या सकाळी धुक्यात फक्त ओल्या मातीवरचे पंजे दिसतात.